अकरा पॉइंट सत्त्याण्णव

मराठीत नापास होण्याचे शब्द बहुतेक पाण्यातून आलेले आहेत, हे मला वयाच्या विसाव्या वर्षी वाईच्या घाटावर पाय सोडून बसलेलो असताना सुचलं. पोरगा गटांगळ्या खातो. वर्ष बुडतं. नशीब जरा बरं असेल तर तो काठावर पास होतो, म्हणजे तिथंही पाणी आहेच, फक्त माणूस ओल्या अंगानं बाहेर आलेला आहे. एकटा ‘नापास’ हा शब्द तेवढा कोरडा. त्यातला ‘ना’ फारशी वळणाचा, ‘पास’ इंग्रजीतला; दोन परमुलखातले प्रवासी एका रात्रीपुरते मराठी धर्मशाळेत उतरले आणि पुढे कधी निघालेच नाहीत. माझं वर्ष बुडालं ते १९९५ च्या उन्हाळ्यात, कृष्णेला धड गुडघाभर पाणी नसताना.

पुण्यातल्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयात मी मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला होतो, हे वाक्य व्याकरणाला धरून आहे, वस्तुस्थितीला नाही. दुसऱ्या वर्षाला माझं नाव होतं. मी स्वतः बहुतेक वेळ डेक्कनवर एका इराण्याकडे बन-मस्का खात असे, नाहीतर अलका टॉकीजच्या चौकात काही कारण नसताना उभा असे. त्या चौकाला माणसं उभी करायची सवयच आहे. गणिताच्या एम-थ्री पेपरच्या तासाला लाप्लास नावाचा फ्रेंच गृहस्थ फळ्यावर येतो आणि जातो, एवढं कानावर होतं. आमची ओळख कोणी करून दिली नाही आणि मीही पुढाकार घेतला नाही. ड्रॉइंगच्या शीट्स मी जीटी मारून काढल्या होत्या. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर काच आडवी टाकायची, खाली बल्ब लावायचा, वर मित्राची शीट आणि तिच्यावर आपली कोरी शीट ठेवून रेघेवर रेघ ओढायची. रात्री दोन वाजता त्या उजेडात खालून उजळलेले आमचे चेहरे पाहिले असते तर कुणालाही वाटलं असतं, पोरं काहीतरी फार मोठा शोध लावतायत.

मे महिन्यात नोटीस बोर्डावर यादी लागली. हजेरी कमी म्हणून टर्म ग्रँट नाही, मागचे विषय राहिलेले ते वेगळेच. इथं एटीकेटी या शब्दाबद्दल दोन शब्द बोलायला हवेत. ‘अलाउड टू कीप टर्म्स’. अपयशाला इतकं सभ्य नाव दुसऱ्या कुठल्या कचेरीत दिलं गेलं असेल असं मला वाटत नाही. तुम्ही पडलात असं ती कुठंच म्हणत नाही; तुम्हाला पुढं यायची परवानगी आहे, एवढंच म्हणते. जेवायला बसलेल्या पाहुण्यानं पानात भाजी टाकली तर यजमानीण जसं ‘असू दे, असू दे’ म्हणते, तसं विद्यापीठाचं हे ‘असू दे’ आहे. पण टाकण्यालाही मर्यादा असते. माझं सगळं पानच टाकलेलं होतं. एटीकेटीच्या पलीकडच्या मुलाला आमच्याकडे वायडी म्हणत, इयर डाउन. आणि माझ्या बाबतीत तर कॉलेजनं पटावरून नावच कमी केलं होतं. परत यायचं असेल तर वर्षभरानं नव्यानं प्रवेश घ्यायचा, नव्यानं फी भरायची आणि दुसरं वर्ष पहिल्या दिवसापासून.

घरी हे सांगायचं कसं याचा मी आठवडाभर विचार करत होतो, तोवर कॉलेजनंच पत्र पाठवलं. रजिस्टर एडी. आमचे वडील पोस्टात होते. म्हणजे त्या दिवशीच्या टपालात ते पत्र त्यांच्याच हाताखालून गेलं असणार, त्यांनीच वहीत त्याची नोंद केली असणार. पोस्टमनकडे न देता ते त्यांनी स्वतःच घरी आणलं, पायातल्या वहाणा काढल्या, हातपाय धुतले आणि लिफाफा माझ्यासमोर ठेवून म्हणाले, “पोहोचपावतीवर सही कर.” मी सही केली. त्यांनी पावती फाडून घेतली, खिशात नीट ठेवली आणि लिफाफा न फोडता माझ्याकडे सरकवला. पत्र ज्याच्या नावाचं त्यानंच फोडायचं, हा पोस्टाचा नियम त्यांनी तीस वर्षं पाळला होता. मुलाच्या बाबतीत तो मोडायचं त्यांना कारण दिसलं नसावं. आत काय आहे ते त्यांनी विचारलं नाही. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, “आता इथंच आहेस ना? मग नळाचं पॅकिंग बदलून टाक. सहा महिने गळतोय.”

आजीचं प्रकरण निराळं होतं. तिनं कुणाच्या तरी तोंडून ‘वायडी’ ऐकलं आणि ते तिला फार आवडलं. एम.डी. झालेला एक भाचा तिच्या माहेरी होता; वायडी हे त्याच्याच जवळपासचं काहीतरी असणार असा तिनं हिशेब केला. गणपतीच्या देवळात भेटणाऱ्या बायकांना ती कौतुकानं सांगू लागली, “नातू वायडी झाला. विसाव्या वर्षी.” मी तिला थांबवायला हवं होतं. एकदा तोंड उघडलंही, पण तिनं माझ्या हातावर खोबऱ्याच्या वडीचा तुकडा ठेवला आणि तो विषय वडीबरोबर विरघळला. तिला खरंच कळलेलं नव्हतं की सगळं कळूनच तिनं गावातल्या बायकांची तोंडं आधीच बंद करून टाकली होती, याचा उलगडा मला झाला नाही. ती आता नाही, आणि असती तरी तिनं तो होऊ दिला नसता.

समाचाराला येणारे मात्र सगळं कळूनच येत. प्रत्येक जण येताना टिळकांना घेऊन येई. “अरे, टिळकसुद्धा डेक्कन कॉलेजात पहिल्या वर्षी…” इथपर्यंत आलं की आई चहा टाकायला उठे. टिळकांनी कॉलेजचं पहिलं वर्ष तालमीत आणि पोहण्यात घालवून शरीर कमावलं, हे खरं आहे. आणि नापास झालेल्या प्रत्येक मराठी मुलाला ते एकदा तरी औषधासारखं पाजलं जातं. पण मी मनात हिशेब करी. टिळकांनी निदान दंड कमावले होते. मी तेवढ्याच काळात बन-मस्क्यानं कमावलेलं जे काही होतं, ते शर्टाच्या खालच्या दोन गुंड्यांपाशी दिसत होतं. त्यापेक्षा मला धीर दिला तो बंकिमचंद्रांनी. वाचनालयात उगाच पुस्तकं चाळताना कळलं की १८५८ साली कलकत्ता विद्यापीठानं बी.ए.ची पहिली परीक्षा घेतली तेव्हा बसलेल्यांपैकी एकही जण नियमानं पास झाला नव्हता. त्यातल्या दोघांनी सहापैकी पाच विषयांत चांगले गुण मिळवले होते आणि सहाव्यात थोडक्यासाठी, सातांहून जास्त नाहीत एवढ्या गुणांसाठी, ते राहिले होते. विद्यापीठानं तेवढे गुण वरून घातले आणि आपले पहिले दोन पदवीधर तयार केले. त्या दोघांतले एक बंकिमचंद्र चट्टोपाध्याय. पुढे अख्ख्या देशानं ज्यांचं गीत म्हटलं, ते ग्रेसवर सुटलेले. हे मी घरी येऊन सांगितलं तेव्हा वडील वर्तमानपत्रातून डोकं न काढता म्हणाले, “सात. तुझे किती कमी होते?” मी नळाच्या पॅकिंगकडे वळलो.

नापास होऊन राहायला वाईसारखं गाव नाही, असं आता वाटतं. घाटावरचा ढोल्या गणपती आहे ना, त्याच्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, टोकदार. १७६२ साली रास्त्यांनी ते देऊळ बांधलं तेव्हा नदी कधीतरी अंगावर येणार हे धरूनच बांधलं. पूर आला की पाणी त्या टोकावर फुटतं आणि देवाच्या दोन्ही बाजूंनी निघून जातं. गणपती पाठमोरा बसलेला, हललाही नाही. त्या वर्षी पावसाळ्यात मी छत्री घेऊन ते पाहत उभा राहायचो. आणि दुसरं म्हणजे याच गावात मराठी विश्वकोश लिहिला जात होता. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी वर्षभरापूर्वीच गेले होते. विद्यापीठाची पायरी न चढता इथल्या प्राज्ञपाठशाळेत शिकलेल्या त्या माणसानं सगळ्या जगाचं ज्ञान ‘अ’पासून ओळीनं लावायला घेतलं होतं. पहिला खंड आला १९७६ साली, आणि शेवटच्या, विसाव्या खंडाचा उत्तरार्ध यायला २०१५ उजाडलं. तेव्हा अर्थातच मला हे पुढचं ठाऊक नव्हतं. पण ज्या गावात शहाणीसुरती माणसं दर सकाळी उठून मुळाक्षरांच्या मधल्याच कुठल्या तरी अक्षरावर शांतपणे कामाला बसत, तिथं एका पोराचं वर्ष मागं राहिलं याचा फार गवगवा होत नसे. विश्वकोशात काम करणारे एक गृहस्थ आमच्या आळीत राहत. मी घाटावर भेटलो की ते विचारत, “काय, कुठवर आलं?” मी म्हणे, “अजून तिथंच.” “आमचंही,” असं म्हणून ते पुढं जात.

जुलैमध्ये वडिलांनी मला एमआयडीसीतल्या एका लेथच्या शेडवर नेऊन सोडलं. तिथल्या मिस्त्रींना पोस्टातल्या ओळखीनं एवढंच सांगितलं होतं, की पोरगा इंजिनियरिंगचा आहे, सध्या मोकळा आहे. ‘मोकळा’ या शब्दात वडिलांनी माझी सगळी अब्रू गुंडाळून दिली होती. मिस्त्री पन्नाशीचे, सातवीपर्यंत शिकलेले, कानाला पेन्सिल, बोटांच्या रेषांत कायमचं काळं तेल. त्यांनी पहिल्या दिवशी मला कचरा काढायला लावला, म्हणजे लेथवरून निघालेली लोखंडाची वेटोळी, ज्याला ते बर म्हणत. चकचकीत, निळसर, जिलबीसारखी वळलेली आणि हाताला ब्लेडसारखी. पंधरा दिवसांनी त्यांनी माझ्या हातात व्हर्निअर दिला आणि एक गज मोजायला सांगितला. मी मोठ्या ऐटीत जबड्यात गज धरला, डोळा बारीक केला आणि म्हणालो, “अकरा पॉइंट सत्त्याण्णव.”

मिस्त्रींनी पेन्सिल कानावरून काढली आणि परत ठेवली. “सत्त्याण्णव?”

“हो.”

“गड्या, ह्याच्यावर एक घर म्हंजे दोन. शून्य, दोन, चार, सहा, आठ. हा सम आकड्यातच बोलतो जलमभर. तुझ्याशीच विषम कसं काय बोलला?”

आता हा ११.९७ कुठून आला ते सांगायला हवं. कॉलेजात आमच्या बॅचचं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सचं, म्हणजे एसओएमचं, प्रॅक्टिकल गुरुवारी असे, आणि पुण्यात आमच्या भागातली वीज गुरुवारीच जात असे. लोखंडाचा गज ताणून तोडायचं ते भलंमोठं यंत्र आम्ही चालू स्थितीत कधी पाहिलंच नाही. त्याच्याभोवती उभं राहून, झोपलेल्या हत्तीला बघावं तसं बघून आम्ही कँटीनला जात असू. जर्नलमधली रीडिंग मी घरी बसून तयार केली होती. गज बारा मिलिमीटरचा. पण व्यास बारा लिहिला तर ते खोटं वाटेल. खऱ्या जगात बारा कधी बारा नसतं. म्हणून थोडं खाली, थोडं ओबडधोबड, मोजून दमल्यासारखं काहीतरी हवं म्हणून मी ११.९७ लिहिलं. माझ्या सबंध शिक्षणात मी एवढा बारकाईनं विचार दुसऱ्या कशाचाही केला नव्हता. ०.०२ लीस्ट काउंटच्या, म्हणजे ०.०२ च्या पटीतच मोजणाऱ्या व्हर्निअरवर सत्त्याण्णव येऊच शकत नाही, हे माझ्या, आमच्या बॅचमधल्या वीस जणांच्या आणि तपासणाऱ्या सरांच्याही लक्षात आलं नव्हतं. आणि तो आकडा मला इतका आवडला होता, की शेडवर खरा व्हर्निअर हातात आल्यावर मी रेषांकडे न बघता तोच म्हणून मोकळा झालो. वाईला जायच्या आधी ते जर्नल मी पहिल्या वर्षाच्या एका नगरच्या मुलाला देऊन टाकलं होतं. पुढच्या वर्षी त्याला लागणार होतं. मला काही आता लागणार नव्हतं.

मिस्त्रींकडे मी दहा महिने होतो. लेथवर काम करता येऊ लागलं असं म्हणवत नाही, पण पात्याचा आवाज बदलला की मान आपोआप वळू लागली. मापं सम आकड्यांत येऊ लागली. मे महिन्यात निघताना मिस्त्रींनी पितळेचा एक लहानसा ओळंबा स्वतः फिरवून दिला आणि पगाराची चार पाकिटं, जी घ्यायला मी लाजत होतो, ती वडिलांकडे परस्पर पोहोचवली. आणि त्यानंतर दोनच दिवसांनी मी तहसील कचेरीसमोर एका टायपिस्टच्या टेबलापाशी गॅप सर्टिफिकेटचं प्रतिज्ञापत्र करून घेत बसलो होतो. मजकूर ठरलेला असतो. मी अमुक, वय अमुक, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की सदर कालावधीत मी कोणत्याही शिक्षणसंस्थेत प्रवेश घेतला नव्हता, कोणतीही नोकरी वा व्यवसाय केला नव्हता आणि कोणत्याही गैरकृत्यात सहभागी नव्हतो. टायपिस्ट एकबोटी होता. प्रत्येक ‘नव्हता’ तो मशीनवर खिळा ठोकावा तसा ठोकत होता. मी म्हणालो, “एक शेड होती, तिथं मी…” तो थांबला. चष्म्यावरून बघून म्हणाला, “पगारपत्रक आहे?” नव्हतं. “मग काही केलं नाहीत,” असं म्हणून त्यानं पुढचा ‘नव्हता’ ठोकला. माझ्या आयुष्यातलं जे एकमेव वर्ष मी रोज वेळेवर कामाला गेलो, त्या वर्षी मी काहीही केलं नाही असा सही-शिक्क्याचा स्टँपपेपर अजून माझ्या कपाटात आहे.

कॉलेजात परत गेलो तो खंबाटकीचा घाट उतरताना पोटात कालवत होतं, आणि त्याचा दोष मी एस.टी.ला दिला. हजेरीचा मस्टर टाइप केलेला होता. छप्पन्न नावं एकसारख्या काळ्या अक्षरांत, आणि सर्वांत खाली, निळ्या शाईनं, हातानं लिहिलेलं माझं. रस्त्यात राहिलेलं माणूस मागून धावत येऊन गाडीच्या शिडीला लटकावं तसं ते दिसे. सर नावं वाचत खाली येत, शाई बदलली की त्यांचा आवाजही किंचित बदले. वर्गातली मुलं माझ्यापेक्षा दोन वर्षांनी मागची. त्यांनी मला पहिल्या दिवशी शेवटच्या बाकावरची भिंतीकडची जागा रिकामी करून दिली, जशी एस.टी.त म्हाताऱ्याला देतात. मला ‘सर’ म्हणत. नंतर, सर म्हणणं जरा जास्त होतंय असं वाटून, नावाच्या पुढं ‘दादा’ लावू लागली, पण क्रियापद आदरार्थीच. “दादा, तुम्ही सबमिशन केलं का?” या ‘तुम्ही’चा जो त्रास होतो तो नापास झालेल्यालाच कळेल. माझ्या वेळची मुलं तिसऱ्या वर्षाची परीक्षा देऊन आता शेवटच्या वर्षात होती. ती कॉरिडॉरमध्ये भेटली की पाठीवर थाप मारत आणि थाप जरा जास्तच हलकी असे, आजाऱ्याला मारतात तशी.

ऑगस्टमध्ये कधीतरी कँटीनमध्ये आम्ही सहा जण एका टेबलाशी बसलो होतो. बाहेर मुसळधार. त्यातला एक जळगावचा मुलगा वहीत काहीतरी खरडता खरडता मान वर न करता म्हणाला, “ए, तीन चहा सहा जणांत सांग ना.” मी उठून सांगितले. परत येऊन बसलो तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो कावराबावरा होऊन म्हणाला, “सॉरी दादा, तुम्हाला…” मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही. प्रवेशाची पावती माझ्याकडे जूनपासून होती, पण प्रवेश मला त्या दिवशी मिळाला. चहा अर्धा अर्धा कप आला आणि तो पाणचट होता.

मग सबमिशनचे दिवस आले आणि त्या जळगावच्या मुलानं मला मोठ्या मनानं आपलं एसओएमचं जर्नल आणून दिलं. “हे छाप. एकदम बरोबर आहे, गेल्या वर्षी सगळे याच्यावरच पास झालेत.” पहिलं प्रॅक्टिकल उघडलं. टेन्साइल टेस्ट. गजाचा व्यास, ११.९७. गावच्या जत्रेत हरवलेलं पोर दोन वर्षांनी कुणा परक्याच्या खांद्यावर बसून समोरून यावं, तसं झालं. ते नगरच्या मुलाकडून त्याच्या रूम-पार्टनरकडे, तिथून कुणाकडे, असं फिरत फिरत आलं होतं. अक्षर परकं, मार्जिनची लाल रेघ जरा जास्त सरळ, पण आकडा माझाच. ‘नेक्स्ट’ हा शब्द मी घाईत ‘नेस्ट’ लिहिला होता, तोही तसाच उतरत आला होता. पिढ्यान्‌पिढ्या कुणी वाचलं नव्हतं, सगळ्यांनी फक्त लिहिलं होतं. मला लाज वाटायला हवी होती, आणि ती वाटलीही, पण खरं सांगायचं तर थोडा वेळ लाजेच्या आधी दुसरंच काही वाटलं. दोन वर्षं मी कुठंच नव्हतो. माझा एक आकडा मात्र या वर्गात नियमित हजर होता.

पण तो आता मला लिहवेना. कानाला पेन्सिल लावलेला माणूस आड येत होता. गुरुवारी सगळे कँटीनला गेले तेव्हा मी लॅबच्या शिपायाकडून व्हर्निअर मागून घेतला. यंत्राला वीज लागते, व्हर्निअरला लागत नाही, हे इतक्या वर्षांत कुणाला सुचलं नव्हतं. खिडकीच्या उजेडात गज तीन ठिकाणी मोजला. १२.०४, १२.०२, १२.०४. ते लिहिले. ताणाचे आकडे मात्र जर्नलमधलेच घ्यावे लागले, कारण हत्ती झोपलेलाच होता. तेव्हा माझं ते प्रॅक्टिकल खऱ्या गजावर खोटा भार टाकून तोडलेलं आहे, हे कबूल करतो. तपासून आलं तेव्हा १२.०४ भोवती लाल गोल होता आणि शेजारी ‘चेक’ असं लिहिलेलं. बरोबरच होतं म्हणा. सबंध वर्गात एकट्याचाच आकडा वेगळा होता.

ओरलला बाहेरून आलेले परीक्षक उतारवयाचे होते. माझ्याआधी आत गेलेले पाच जण बाहेर येऊन एकच सांगत होते, लीस्ट काउंट विचारतायत. मी आत गेलो. त्यांनी जर्नल उघडलं, लाल गोलावर बोट ठेवलं.

“सगळ्यांचं अकरा पॉइंट सत्त्याण्णव आहे. तुमचं बारा पॉइंट झिरो फोर कसं?”

“सर, मी मोजलं.”

त्यांनी चष्मा काढला. माझ्याकडे बघितलं, मग मिशीकडे, मग जर्नलवरच्या हजेरी क्रमांकाकडे.

“रिपीटर का?”

“हो सर.”

“वाटलंच,” असं म्हणाले आणि जर्नल मिटलं. ११.९७ मूळ कुणाचं, हे त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. लेखी परीक्षेत त्या विषयात मला ४३ मिळाले. ४० ला पास होतं.

मिस्त्रींची शेड आता नाही, तिथं टायरचं दुकान आहे. ओळंबा टेबलावर आहे. कागद उडू नयेत म्हणून ठेवतो. गेल्या पावसाळ्यात भाचीनं, जी पुण्यातच मेकॅनिकलला आहे, रात्री अकरा वाजता फोन करून विचारलं, मामा, प्रॅक्टिकलची एक पीडीएफ फिरतेय ग्रुपवर, बरोबर आहे का बघतोस? उघडली. टाइप केलेली, रंगीत आकृती, कॉलेज दुसरंच. व्यासाच्या रकान्यात ११.९७. तो माझाच आहे की दुसऱ्या कुणी दुसऱ्या कुठल्या गुरुवारी घरी बसून तसाच विचार केला होता, हे ठरवायला आता साधन नाही. मी तिला लीस्ट काउंट विचारला. ती म्हणाली, आमच्याकडे डिजिटल व्हर्निअर आहे, त्याचा ०.०१.

त्याच्यावर ११.९७ येऊ शकतं.